टेबलाखालचा खोका: रबाळ्यातील एका झाकण-कारखान्याचे प्रकरण

नवी मुंबईतील रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याने पाठवलेला सिरपच्या बाटल्यांच्या झाकणांचा एक पूर्ण लॉट ग्राहक औषध कंपनीने परत केला, तेव्हा त्या झाकणांतला दोष कारखान्यातील किमान सात माणसांना कित्येक महिने ठाऊक होता आणि कारखान्याच्या एकाही नोंदवहीत तो नव्हता. लॉट परत येण्याच्या आदल्याच महिन्यात त्या मशीनचे उत्पादन उद्दिष्टाच्या वर गेले म्हणून सकाळच्या बैठकीत टाळ्या वाजल्या होत्या. टाळ्या आणि तक्रार यांचे मूळ एकच होते, आणि ते कसे, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

मी तेथे तक्रारीनंतर, कारण शोधून देण्यासाठी बाहेरचा माणूस म्हणून गेलो. कारखान्याचे, ग्राहकाचे किंवा कोणा माणसाचे नाव येथे येणार नाही. मला दिलेले काम साच्याचे होते, संस्कृतीचे नव्हते. आणि 'कार्यसंस्कृती' हा शब्द मालकांसमोर उच्चारायला मला पहिले तीन आठवडे धीर झाला नाही, कारण आपल्याकडे तो शब्द बहुधा वार्षिक स्नेहसंमेलन आणि वाढदिवसाचा केक एवढ्यापुरताच वापरला जातो.

मशीन, टेबल आणि माणसे

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने ऐरोली-घणसोलीत आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी टीटीसी औद्योगिक पट्ट्याच्या आतल्या गल्ल्यांत टूलरूम, पावडर कोटिंग, छपाई आणि इंजेक्शन मोल्डिंगचे (वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवण्याचे) गाळे अजून तीन पाळ्यांत चालू आहेत. हा कारखाना त्यांतलाच, पण एका गाळ्यापेक्षा बराच मोठा. कायम कामगार मोजके, बहुतेक ऑपरेटर आणि फिटर, जे कळवा-डोंबिवलीकडून ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बरची लोकल पकडतात. पॅकिंगच्या टेबलावरच्या बायका ठेकेदाराच्या, दिघा, रबाळे गाव आणि घणसोलीत राहणाऱ्या. त्यांना सगळे 'मावशी' म्हणत, आणि हजेरीपत्रक सोडले तर कारखान्याच्या कोणत्याही कागदावर त्यांचा उल्लेख नव्हता.

मशीनचा हिशेब समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून तो थोडा सविस्तर देतो. साच्यात आठ कॅव्हिटी, म्हणजे झाकणाच्या आकाराची पोकळ घरे, होत्या; एका शॉटमध्ये, साचा एकदा मिटून उघडला की, आठ झाकणे पडत. प्रत्येक झाकणाच्या आतल्या तळाशी आपापल्या कॅव्हिटीचा बारीक आकडा उठतो. एका सायकलला 20 सेकंद ठरवलेले होते. तासाला 180 शॉट, 1440 झाकणे. झाकणे रनरसकट, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या काडीसकट, खाली येत आणि टेबलावर बसलेली मावशी ती हाताने रनरपासून सोडवून खोक्यात भरत असे. म्हणजे प्रत्येक झाकण एका माणसाच्या बोटांखालून जात होते. या कारखान्यातली सर्वांत बारकाईची तपासणी हीच होती, पण तिला कोणी तपासणी म्हणत नव्हते.

पाच नंबरच्या कॅव्हिटीचा कोअर, म्हणजे झाकणाची आतली बाजू घडवणारा साच्याचा भाग, कडेला झिजला होता. झाकणाच्या आतली जी कडा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसते, तिच्यावर एका जागी केसाएवढा फ्लॅश, म्हणजे जादा प्लास्टिकची कोर, येऊ लागला. डोळ्याला तो पटकन दिसत नाही. पहिल्या पाळीतल्या मावशींनी मला नंतर दाखवले: झाकण पालथे धरायचे, तर्जनी आतून एकदा फिरवायची, आणि जिथे नख अडते तिथे तो असतो. त्या हे झाकण सोडवतानाच करत, वेगळा वेळ लागत नसे. मला ते जमायला दहा-बारा झाकणे गेली.

सुरुवातीला त्यांनी पाळीच्या सुपरवायझरला सांगितले होते. तो म्हणाला, "मावशी, बाजूला काढत जा, मशीन बंद नको." त्या दिवसापासून टेबलाखाली एक पुठ्ठ्याचा खोका आला. पाच नंबरची झाकणे त्यात जाऊ लागली. पाळी बदलताना एक मावशी दुसरीला सांगे, "पाच नंबर बाजूला," आणि असे तिन्ही पाळ्यांत चालू झाले. खोका भरला की रनरच्या भंगारात ओतला जाई.

नऊची बैठक

सुपरवायझरने असे का सांगितले, याचे उत्तर सकाळी नऊच्या बैठकीत होते. बैठक वरच्या मजल्यावरच्या एसी खोलीत होत असे. फळ्यावर प्रत्येक मशीनसमोर आदल्या दिवसाचे उत्पादन आणि बंद वेळ लिहिलेली असे. उद्दिष्ट चुकले किंवा मशीन अर्ध्या तासाहून अधिक बंद राहिले, तर त्या पाळीच्या सुपरवायझरचे नाव लाल शाईने लिहिले जाई आणि त्याने उभे राहून कारण सांगायचे असे. प्लांट हेड ओरडणारे गृहस्थ नव्हते, ते फक्त "पुढे?" एवढेच विचारत, आणि उभा असलेला माणूस बोलायचा थांबेपर्यंत विचारत राहत. मी चार बैठका मागे बसून पाहिल्या. लाल शाईतल्या माणसाला मदत हवी आहे का, हा प्रश्न चारही दिवस कोणी विचारला नाही.

कोअर बदलायचा तर साचा उतरवणे, टूलरूमला देणे आणि परत चढवणे यात एक पाळी सहज जाते. दुसरा मार्ग, पाच नंबरची कॅव्हिटी बंद करून सातावर मशीन चालवणे. पण उद्दिष्ट आठ कॅव्हिटींवर बांधलेले होते, त्यामुळे तसे केले तरी रोज नाव लाल होणारच. तेव्हा सुपरवायझर आणि ऑपरेटर यांनी तिसरा मार्ग काढला, आणि तो हुशारीचा होता हे मान्य करायला हवे. त्यांनी कूलिंगचा वेळ कमी करून सायकल 20 सेकंदांवरून साडेसतरावर आणली. गणित करून पाहा: 17.5 सेकंदांत सात चांगली झाकणे म्हणजे 20 सेकंदांत आठ. खोक्यात पाच नंबर काढून टाकूनही तासाला 1440 झाकणे बरोबर भरत. फळ्यावर सगळे काळ्या शाईत राहिले. सेटिंगचा हा बदल मशीनच्या पॅनेलवर होता, सेटिंग शीटवर नव्हता. झाकणे पूर्ण थंड होण्याआधी बाहेर पडू लागली आणि साचा ठरल्यापेक्षा जास्त वेळा उघड-मीट करू लागला, म्हणजे ज्या झिजेमुळे हे सुरू झाले तीच झीज या उपायाने वाढत होती.

अधूनमधून फ्लॅश फार वाढला की फिटरकाका मशीन थांबवून पितळी पट्टीने कोअर साफ करत. दहा-पंधरा मिनिटांचे काम. लॉगबुकात त्या वेळेपुढे 'लाइट गेली' असे लिहिलेले असे. लाइट जाणे हे एकच कारण असे होते की ज्यासाठी कोणाला उभे राहावे लागत नसे. मला शंका आली ती नोंदी फार सुबक असल्यामुळे. मग त्याच फीडरवरच्या, म्हणजे त्याच वीजवाहिनीवरच्या, शेजारच्या मशीनचे लॉगबुक उघडून तारीख-वेळ जुळवली, तर तेथे त्या क्षणी उत्पादन निवांत चालू होते आणि जनरेटरच्या वहीतही काही नव्हते. एका फीडरवर एकाच मशीनची लाइट जाण्याचा चमत्कार त्या कारखान्यात आठवड्यातून एक-दोनदा घडत होता.

दुसरा पुरावा भंगाराचा. एका शॉटच्या रनरचे वजन ठरलेले असते, त्यामुळे शॉटच्या संख्येवरून महिन्याला किती भंगार निघायला हवे ते काढता येते. भंगारवाल्याच्या पावत्यांवरचे वजन त्याहून जास्त होते. झाकण तीन ग्रॅमचे, 17.5 सेकंदांच्या सायकलने पाच नंबरची झाकणे तासाला दोनशेच्या वर पडतात, म्हणजे तीन पाळ्यांत चौदा-पंधरा किलो. दिवसाला पडणारा फरक जवळपास तेवढाच होता. रिजेक्शन रजिस्टरमध्ये मात्र त्यातला एक किलोही नव्हता. लेखा विभागाकडे पावत्या होत्या आणि उत्पादन विभागाकडे शॉटची संख्या होती. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवायला बाहेरचा माणूस लागला, याचे मला अजूनही नवल वाटते.

ठेका बदलला

दिवाळीनंतर खरेदी विभागाने पॅकिंगचा ठेका कमी दराच्या दुसऱ्या ठेकेदाराला दिला. बचत कागदावर खरी होती. जुन्या मावश्या एका शनिवारी गेल्या आणि सोमवारी नव्या आल्या; मध्ये कोणी कोणाला भेटले नाही. 'पाच नंबर बाजूला' हे वाक्य कोठे लिहिलेले नव्हते, ते माणसांबरोबर गेटबाहेर गेले. टेबलाखालचा खोका नव्या बायकांनी डबा ठेवायला घेतला.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सायकल साडेसतरा सेकंदांचीच राहिली, पण आता आठही झाकणे खोक्यात जाऊ लागली. तासाला 1440 च्या जागी सोळाशेच्या वर, म्हणजे सातास आठ, सुमारे 14 टक्के वाढ. फळ्यावर मशीन उद्दिष्टाच्या वर गेले. नव्या ठेकेदाराच्या बायका चपळ आहेत असा अर्थ लावण्यात आला आणि टाळ्या वाजल्या त्या याच बैठकीत. सुपरवायझरला खरे काय ते समजले होते. तो मला म्हणाला, "टाळ्या चालू असताना मी काय बोलणार होतो?"

येथे क्यूसीने, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागाने, दोष पकडायला हवा होता, आणि त्याने पकडलाही. दर दोन तासांनी खोक्यातून पाच झाकणे घेऊन बाटल्यांवर बसवायची आणि व्हॅक्यूमखाली गळती पाहायची, अशी पद्धत होती. आठांतले एक झाकण सदोष असेल, तर पाचांच्या नमुन्यात ते एकही न येण्याची शक्यता सात-अष्टमांशाचा पाचवा घात, म्हणजे साधारण 51 टक्के. जवळजवळ नाणेफेक. एका पाळीतल्या चारही तपासण्यांतून दोष निसटण्याची शक्यता सात टक्क्यांच्या आसपास येते. सदोष झाकण दर वेळी गळतेच असे नाही, म्हणून हे आकडे थोडे सैल धरू. तरीही क्यूसीच्या मुलांना गळती दिसली नाही असे होणे शक्य नव्हते. ती दिसली. मग नमुना 'रिपीट' करण्यात आला. पुन्हा पाच झाकणे, पुन्हा नाणेफेक, आणि पास झालेला आकडा वहीत. फेल झालेल्या नमुन्याची नोंद ठेवायला वहीत रकानाच नव्हता. रिपीट करण्याची सवय कोणी लावली, असे विचारल्यावर तेथील तरुणाने सांगितले की रुजू झाला त्या आठवड्यात त्याने एकदा लॉट अडवला होता, तेव्हा त्याला वरून फोन आला: "नीट बसवलं होतंस का झाकण?" त्यानंतर तो आधी स्वतःलाच हे विचारू लागला.

तक्रार आली ती चिकट झालेल्या कार्टनच्या फोटोंसकट.

पहिली प्रतिक्रिया

तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला कारणे दाखवा नोटीस मिळाली, ठेकेदाराला दंडाचे पत्र गेले आणि चौथ्या दिवशी मशीनजवळच्या भिंतीवर 'गुणवत्ता ही प्रत्येकाची जबाबदारी' असा मराठी-हिंदी फलक लागला. फलकाचे पैसे वाया गेले असे माझे स्पष्ट मत आहे. जपानी उद्योगाला गुणवत्तेचे संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी जी चौदा सूत्रे सांगितली, त्यांत कामगारांना उद्देशून लावलेल्या घोषणा काढून टाका असे एक सूत्र आहे, आणि कामाच्या जागेतली भीती घालवा असे दुसरे. या कारखान्याने एकाच आठवड्यात दोन्ही उलट करून दाखवली.

मालकांचे म्हणणे असे की आपली माणसेच बोलत नाहीत, त्याला कारखाना काय करणार. हे म्हणणे मी अनेक ठिकाणी ऐकले आहे आणि त्यावर मी त्यांना कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या मोटार कारखान्याची गोष्ट सांगितली. जनरल मोटर्सने तो 1982 मध्ये बंद केला, तेव्हा गैरहजेरी आणि भांडणांसाठी तो बदनाम होता. 1984 मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला तेव्हा कामावर घेतलेली बहुतेक माणसे जुनीच होती आणि युनियनही तीच. बदलले ते कामाचे नियम: दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची, आणि दोरी ओढल्यावर टीम लीडर मदतीला धावून येणार. त्याच माणसांकडून तेथे चांगल्या दर्जाच्या गाड्या निघू लागल्या. मालकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते अमेरिकेत." मला त्यावर तत्काळ उत्तर सुचले नाही.

उत्तर दोन दिवसांनी कँटीनमध्ये मिळाले. मी आग्रह धरल्यामुळे मालक पहिल्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत खाली आले आणि फिटरकाकांच्या समोरच्या बाकावर बसले. काका कारखाना सुरू झाल्यापासूनचे, निवृत्तीला आलेले. ते भाजीत पोळी बुडवता बुडवता म्हणाले की पाच नंबरचे दुखणे जुने आहे.

"मग सांगितलं का नाही, काका?"

"सांगितलं होतं, साहेब. तुम्ही डिस्पॅचच्या दारात उभे होतात. तुम्ही म्हणालात, हा माल जाऊ दे, मग बघू."

काकांनी खिशातून लहान डायरी काढली. तारीख होती, 'पाच नं. कोअर, साहेबांना सांगितले' असे लिहिलेले होते. आजूबाजूची ताटे वाजायची थांबली. मालकांनी डायरी दोन्ही हातांत धरून ते पान वाचले, बराच वेळ वाचले असे वाटले, आणि म्हणाले, "हो. मी म्हणालो होतो." डायरी परत देऊन ते जेवले, वर गेले आणि तासाभरात ऑपरेटरची नोटीस मागे घेतल्याचा कागद खाली आला. त्या तासाभरात कारखान्यातल्या माणसांना जे कळले ते कोणत्याही प्रशिक्षणाने कळले नसते, असे मला वाटते. अर्थात मालक त्या क्षणी "मला आठवत नाही" म्हणाले असते, तर तेही तेवढ्याच वेगाने आणि कायमचे कळले असते.

हे संस्कृतीचे प्रकरण का मानायचे

साचा झिजला, दुरुस्त केला नाही, माल परत आला, एवढेच हे प्रकरण आहे असे कोणी म्हणू शकेल. पण कारखान्यात यंत्रे, मोजमापे आणि माणसे यांतले काहीच कमी नव्हते. मावशींच्या बोटांना दोष कळला होता, फिटरला कारण ठाऊक होते, क्यूसीच्या चाचणीत गळती दिसली होती, भंगाराच्या पावतीवर वजन उमटले होते. चार वेगवेगळ्या ठिकाणी माहिती तयार होती आणि चारही ठिकाणी ती तेथेच थांबली.

संघटनांच्या संस्कृतीचा अभ्यास करणारे एडगर शाइन यांनी तिचे तीन थर सांगितले: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, उघडपणे सांगितलेली मूल्ये, आणि तळाशी असलेली, कोणी न उच्चारलेली गृहीतके. या कारखान्यात वरचा थर म्हणजे फळा आणि फलक, दुसरा म्हणजे धोरणपत्रातले 'गुणवत्ता प्रथम', आणि तिसरा म्हणजे लाल शाईत नाव आलेला माणूस एकटा असतो हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असलेले वाक्य. माणसे वागत होती ती तिसऱ्या थराला धरून, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसाच वागलो असतो. या बेइमानीत आळस नव्हता. सायकल साडेसतरावर आणण्यात, खोका ठेवण्यात, पाळी बदलताना निरोप देण्यात भरपूर मेहनत आणि एक प्रकारची निष्ठाही होती. मावशींनी तर महिनोन् महिने ग्राहकाला वाचवले होते.

दुसरा मुद्दा परिणामकारकतेचा. कारखाना परिणामकारक आहे की नाही हे तो ज्या आकड्यांवरून ठरवत होता, ते आकडेही त्याच वातावरणात तयार होत होते. दोष लपला तेव्हा उत्पादन उद्दिष्टाइतके दिसले, दोष ग्राहकाकडे गेला तेव्हा उद्दिष्टाहून जास्त दिसले. मालकांनी कितीही बारकाईने फळा वाचला असता, तरी त्यांना उलटच चित्र दिसले असते. कार्यसंस्कृती आणि परिणामकारकता यांचा संबंध जोडताना पुष्कळदा समाधानी कामगार जास्त काम करतात, अशा सोप्या वाक्यावर थांबले जाते. या कारखान्यातला संबंध त्याहून अवघड होता: संस्कृतीने काम बिघडवलेच, शिवाय काम बिघडले आहे हे दाखवणारी मोजपट्टीही बिघडवली.

म्हणून मी मालकांना एकच नवे मोजमाप सुचवले. दोष ज्या माणसाला प्रथम कळला त्या क्षणापासून, मशीन थांबवू शकणाऱ्या माणसाला तो कळेपर्यंत किती वेळ गेला? पाच नंबरच्या बाबतीत उत्तर महिन्यांत होते, आणि काकांची डायरी धरली तर त्याहून वाईट, कारण तेथे माहिती पोहोचूनही थांबली होती.

काय बदलले

साचा उतरवून कोअर बदलला, सायकल 20 सेकंदांवर आली आणि सेटिंग शीट पॅनेलशेजारी लागली. हे लगेच झाले.

बैठक खाली मशीनजवळ आली. उभेच राहायचे, खुर्च्या नाहीत, त्यामुळे ती आपोआप छोटी झाली. लाल शाई गेली, आणि याला प्लांट हेडचा विरोध होता. त्यांच्या मते धाक गेला की शिस्त जाते. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते, कारण पहिल्या पंधरवड्यात बंद वेळेच्या नोंदी इतक्या वाढल्या की मालकही अस्वस्थ झाले. कॅव्हिटी बंद करावी लागली तर त्या दिवसाचे उद्दिष्ट त्या प्रमाणात आपोआप कमी धरायचे, हा निर्णय माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. क्यूसीच्या वहीत फेल नमुन्याचा रकाना आला; नमुना फेल झाला तर पाचच झाकणे पुन्हा घ्यायची नाहीत, प्रत्येक कॅव्हिटीची पाच अशी चाळीस घ्यायची, म्हणजे दोष कोणत्या घरातून येतो तेच कळते.

टेबलाखालचा खोका टेबलावर आला. आठ कप्प्यांचा ट्रे, प्रत्येक कप्प्यावर कॅव्हिटीचा आकडा. ही कल्पना नव्या मावशींपैकी एकीची, तिला ती घरच्या मसाल्याच्या डब्यावरून सुचली असे ती म्हणाली. पाळी संपताना कोणत्या कप्प्यात किती सदोष झाकणे पडली हे एका नजरेत दिसते, मोजावेही लागत नाही.

जुन्या मावशींना शोधायला मी आणि फिटरकाका गेलो. त्या तुर्भ्याला दुसऱ्या कारखान्यात लागल्या होत्या. दोन सुट्ट्यांच्या दिवशी येऊन त्यांनी नव्या बायकांना बोट फिरवायला शिकवले. रोजंदारी घेतली, परत यायला मात्र नकार दिला. नव्या जागी स्टेशनवरून चालत जाता येते आणि दुपारचा चहा बसून मिळतो, असे त्यांनी सांगितले. मालकांना त्यांनी एवढेच विचारले की पाच नंबरची झाकणे बाजूला काढल्याबद्दल त्यांच्या ठेकेदाराचे पैसे तर कापले नाहीत ना. ठेका बदलताना दोन दिवस जुन्या आणि नव्या माणसांनी एकत्र काम करायचे, हे कलम त्या भेटीनंतर करारात आले.

पुढच्या महिन्यांत फळ्यावरचे रिजेक्शन पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त दिसू लागले आणि ग्राहकाच्या ऑडिटरने त्यावर बोट ठेवले. येथे मला संघटनांतील वर्तनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांच्या 1990 च्या दशकातील अभ्यासाचा आधार घेता आला. रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुका तपासताना त्यांना असे आढळले की चांगल्या नेतृत्वाखालच्या गटांत चुकांची नोंद कमी नसून जास्त होती, कारण तेथे चूक सांगायला माणसे बिचकत नव्हती. ऑडिटरला हे पटले की नाही कोण जाणे. त्याने भंगाराच्या पावत्या आणि रजिस्टर जुळतात का ते पाहिले, ते जुळले, आणि तो पुढच्या मुद्द्याकडे गेला.

गळतीची तक्रार पुन्हा आली नाही, पण याचे श्रेय संस्कृतीला देण्याची घाई मी करणार नाही. नवा कोअर बसल्यावर ती तशीही थांबली असती. मी ज्या प्रसंगाला पुरावा मानतो तो वेगळ्या मशीनवरचा आहे: निळ्या झाकणांचा रंग किंचित उतरल्याचे दुसऱ्या पाळीतल्या एका मावशीला संध्याकाळी जाणवले, तिने आधीच्या पाळीचे झाकण शेजारी धरून ऑपरेटरला दाखवले, आणि मास्टरबॅचचे (प्लास्टिकमध्ये मिसळायच्या रंगाच्या दाण्यांचे) प्रमाण चुकल्याचे कळून मशीन थांबले, हे सारे चहा यायच्या आत झाले. सुपरवायझरने लॉगबुकात खरे कारण लिहिले. पूर्वी तेथे काय लिहिले गेले असते ते सांगायला नको.

सहा महिन्यांनी मी लॉगबुके पुन्हा चाळली. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत 'लाइट गेली' जवळपास नाहीशी झाली आहे आणि ज्या आहेत त्या जनरेटरच्या वहीशी जुळतात. रात्रपाळीत ती अजून आहे, पूर्वीइतकीच. रात्रीचा सुपरवायझर तोच, मशीन तीच, बैठकीचे नियमही तेच. फक्त रात्रपाळी सकाळी सातला सुटते आणि बैठक नऊला भरते, त्यामुळे त्याच्या नोंदी त्याच्या पाठीमागे, तो दिव्याच्या लोकलमध्ये किंवा घरी झोपेत असताना वाचल्या जातात, आणि त्यांवर काय बोलले गेले ते त्याला दुसऱ्याच कोणाकडून कळते. एक बैठक साडेसहाला घ्यावी, असे मी मालकांना सांगितले आहे. ते ठाण्याहून इतक्या लवकर यायला तयार आहेत. प्लांट हेडचा होकार अजून आलेला नाही.